सोपं की सगळं

टुण्.

शिलाई मशीनच्या खणातून आवाज आला आणि आम्ही तिघांनीही एकदम तिकडे पाहिलं. बाबा खिडकीपाशी एक जुनं कुलूप हातात घेऊन बसले होते, उघडतही नव्हते आणि लावतही नव्हते. माझी लेक बॉबिन जमिनीवर पालथी पडून चिंध्यांची आगगाडी करत होती. मी बटाटे सोलत होते. तासभर तरी कुणी बोललं नव्हतं. भेटायला येणारी माणसं एकदा यायची थांबली की घर असं होतं. भांडंसुद्धा जपून ठेवावंसं वाटतं.

"आजीचा फोन," बॉबिन म्हणाली.

आईला जाऊन एकवीस दिवस झाले होते. तिचा फोन बाबा रोज सकाळी न चुकता चार्जिंगला लावायचे आणि भरला की परत त्याच खणात ठेवायचे, रिळं आणि खडूच्या तुकड्यांशेजारी. कशाला, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "असू दे गं. तिला बंद पडलेला फोन आवडत नाही."

त्यांनी उठून खण ओढला, फोन हातभर लांब धरून वाचायचा प्रयत्न केला आणि माझ्यापुढे केला. "बघ बाई. तिला कोण काय विचारतंय ते."

पडद्यावर लिहिलं होतं: नमस्कार! काही दिवसांपूर्वी तुम्ही आम्हाला एक प्रश्न विचारला होता. मिळालेलं उत्तर उपयोगी पडलं का? खाली तीन चौकटी होत्या. हो. थोडंफार. नाही.

मी वाचून दाखवलं.

"कुठला प्रश्न?" बाबांनी विचारलं. "कधीचा?"

मी तारीख पाहिली. तिथेच फोन बंद करून खणात टाकला असता तर बरं झालं असतं. पण बाबा समोर उभे होते, आणि तारीख माझ्या तोंडून निघून गेली होती.

"त्याच दिवशीचा," ते म्हणाले. मग हळूच, "म्हणजे तिनं कुणाला तरी विचारलं होतं."

एकवीस दिवस बाबांना एकच गोष्ट खात होती. त्या दिवशी ते दुकानातून जेवायला आले तेव्हा आई म्हणाली होती, "सकाळपासून जबडा ठणकतोय हो, आणि कसंसंच होतंय." बाबा म्हणाले, "दाढ असेल. संध्याकाळी बघू." आणि बूट घालून कुलपं दुरुस्त करायला परत गेले. बस, एवढंच. तेव्हापासून 'मी थांबलो असतो तर?' हे त्यांनी डॉक्टरांना विचारलं, शेजाऱ्यांना विचारलं, मला विचारलं, बाकी कुणी नसेल तेव्हा भिंतीला विचारलं. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. ते वाक्य बाबांना फार लागलं. दुकान तेव्हापासून बंदच. ताटात वाढलेलं इकडचं तिकडे करून ते ताट सरकवायचे. पँट कमरेवरून उतरायला लागली होती. आई असती तर एव्हाना दोन टाके मारून मोकळी झाली असती, वर ऐकवलंही असतं, "वाळत घातल्यासारखे दिसताय."

"थांब, मी चष्मा आणतो," बाबा म्हणाले. "मला स्वतः वाचायचंय." आणि आतल्या खोलीत गेले.

मी प्रश्नावर बोट ठेवलं.

आई फोनवर टाइप करायची नाही, बोलायची. समोर माणूस आहे असं बोलायची. तिचे शब्द जसेच्या तसे तिथे उमटलेले होते. 'जबडा दुखतोय डावा हात जड झालाय दरदरून घाम येतोय काय करू रे बाळा'. दुपारी दोन वाजून बावीस मिनिटं.

फोनला ती बाळा म्हणायची.

खाली उत्तराचं पान होतं. वर मोठ्या अक्षरांत, 'जबडा दुखतोय? घाबरू नका!' आणि त्याखाली एका बाईचं चित्र. गालाला फडकं बांधलेलं, फडक्याला निळी किनार, आणि दात दुखणाऱ्या माणसाच्या तोंडावर कधीच नसतं असं गोड हसू.

ही बाई माझ्या ओळखीची होती.

*

मी घरी बसून एक काम करते. लोक फोनला नाही नाही ते विचारतात, आणि एक कंपनी त्यांना लाखो पानांतून उत्तर शोधून देते. पण सगळ्यांना एकच उत्तर देत नाही. विचारणाऱ्याला कशातलं किती कळतं याचा ती अंदाज घेते, त्याची पायरी ठरवते. आजवर त्यानं काय काय विचारलं, काय शेवटपर्यंत वाचलं, काय अर्ध्यात सोडलं, यावरून. मग त्याला झेपेल ते पान वर, बाकीची खाली. प्रश्न तोच असला तरी डॉक्टरला एक पान दिसतं आणि शिंप्याला दुसरं. हा अंदाज नीट बसावा म्हणून यंत्राला शिकवायला माणसं लागतात. माझ्यासमोर वाचकाची एक चिठ्ठी येते, त्यात वय, शिक्षण, ओळखीचे विषय. खाली त्याचा प्रश्न. त्याखाली दोन पानं, एक डावीकडे, एक उजवीकडे. या वाचकासाठी कुठलं वर ठेवायचं, एवढंच सांगायचं. चाळीस सेकंदांत.

दुपारी दोन ते पाच मी हे करायचे, कारण त्या वेळात बॉबिन आजीकडे असायची. घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर. नवरा कारखान्यात पाळीवर. बॉबिन हे नाव आईनंच ठेवलेलं. मशीनच्या पोटात दोऱ्याचं एक छोटं रीळ गरगरत असतं ना, ते. "वरचा दोरा सगळ्यांना दिसतो," आई म्हणायची, "पण हे चिमुरडं रुसलं की अख्खं मशीन रुसतं."

हे काम मिळालं तेव्हा मी आईबाबांना ते समजावून सांगितलं होतं. बाबा म्हणाले, "कळलं. दुकानदार गिऱ्हाईक बघून माल काढतो. तसंच ना?"

"तसंच."

"वाईट खोड आहे ती," आई मशीनवरून मान वर न करता म्हणाली. "माप अंगाचं घ्यावं गं. अकलेचं कसलं घेता?"

"अगं, न कळणारं वाचलं की माणूस उगाच घाबरतो."

"घाबरू दे की. घाबरला तर चार जणांना विचारेल."

"तुझी आई पस्तीस वर्षं मला घाबरवतेय," बाबा मला म्हणाले. "मी विचारायला गेलोय का कुणाला?"

"कोण दारात उभं करेल तुम्हाला?" आई म्हणाली.

मग तिनं हातातला फ्रॉक उलटा करून मला शिवण दाखवली. शिवणीच्या आत ती नेहमी बोटभर कापड जास्तीचं सोडायची. त्याला माया म्हणतात. अंग भरलं तर उसवून मोठं करता यावं म्हणून. "आज बसतं तेवढंच कापलं तर उद्या पोरगी घालील काय?" ती म्हणाली. "तुमच्या त्या चिठ्ठीत असं काही सोडता का?"

मी ते हसण्यावारी नेलं. मला माझं काम मनापासून पटलेलं होतं. बॉबिन पोटात असताना तपासणीच्या कागदावर एक शब्द आला होता. मी तो फोनला विचारला आणि कुठल्याशा संशोधनाची चाळीस पानं अंगावर आली. तीन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. निघालं काहीच नाही. त्या तीन दिवसांत कुणीतरी माझ्या पायरीवर उतरून, माझ्या शब्दांत मला सांगायला हवं होतं. हे काम हाती आलं तेव्हा वाटलं, ते कुणीतरी आता आपण.

आणि मग ती चिठ्ठी. चार महिन्यांपूर्वीची दुपार. आईकडे शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता म्हणून बॉबिन माझ्याकडेच होती, मांडीवर बसून मान इकडेतिकडे करत. वाचक: स्त्री, साठीच्या पुढे. शिक्षण: शालेय. ओळखीचे विषय: घरकाम, विणकाम, मुलांच्या गोष्टी. प्रश्न: जबडा दुखतो व घाम येतो, उपाय.

डावीकडे फडकंवाली बाई होती. उजवीकडे बारीक अक्षरांचं लांबलचक पान.

"आई, हिचा दात दुखतोय!" बॉबिन म्हणाली. "फडकं बांधलंय बघ. हसतेय पण. वेडीच आहे."

"हो गं."

"आणि हे दुसरं काय आहे?"

"ते अवघड आहे."

"त्यात काय असतं?"

"त्यात सगळं असतं."

"आणि ह्यात?"

"ह्यात सोपं असतं."

तिनं फडकंवाल्या बाईवर बोट टेकवलं. "मला हे कळलं. म्हणजे ह्या आजीला पण कळेल. आजी तर माझ्यापेक्षा मोठीच असते."

मला हसू आलं. पाच वर्षांच्या पोरीला जे कळतं ते कुणालाही कळणार, यापेक्षा चांगली फूटपट्टी कुठे मिळणार होती? तोपर्यंत आमचा तसा खेळच होऊन बसला होता. ती विचारायची, "सोपं की सगळं?" मी सांगायचे, आणि बटण ती दाबायची.

"सोपं," मी म्हटलं.

तिनं दाबलं.

उजवं पान मी वाचलंच नव्हतं, असं म्हणायची सोय होती. चाळीस सेकंदांत कोण काय वाचणार? पण मी वाचलं होतं. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की बायकांना कधीकधी छातीत कळ येतच नाही. जबडा दुखतो, हात जड होतो, घाम फुटतो, आणि तरी ते हृदयाचं असू शकतं. पाचव्यात लिहिलं होतं की अशा वेळी क्षणभरही थांबू नये, मदत बोलवावी. मध्ये सगळे डॉक्टरी शब्द होते, तोंडात न मावणारे. मी ते वाचलं आणि मनात म्हणाले, उगाच घाबरेल बिचारी.

नियमच तसा होता आमचा, चौथा नियम. वाचकाला न कळणारं पान वाचक बंद करतो, आणि बंद केलेलं पान म्हणजे न मिळालेलं उत्तर. नियमात तसं खोटं काही नाही. अजूनही मला त्यात बोट ठेवायला जागा सापडलेली नाही.

*

आतून कपाटाची दारं उघडल्या-मिटल्याचा आवाज येत होता. चष्मा बाबांना कधीच पहिल्या खेपेला सापडत नाही.

मी माझा स्वतःचा फोन काढला. आईचे शब्द जसेच्या तसे त्यात लिहिले, शेवटचं 'रे बाळा'सुद्धा. सगळ्यात वर आलं ते बारीक अक्षरांचं पान. माझ्या फोनला ठाऊक होतं की मी वाचणारी बाई आहे, लांबलचक पानं शेवटपर्यंत नेणारी. दोन फोन मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. प्रश्न एकच. आईच्या फोनवर ते पान शोधायला मी खाली सरकत गेले. फडकंवाली बाई. मग मऊ जेवण कसं करावं. मग दातांसाठी दहा सवयी. मग आणखी एक हसरी बाई. अकराव्या नंबरावर ते होतं. अकराव्यापर्यंत कुणीच जात नाही. हे मला कामामुळे माहीत आहे.

एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'तुमच्याविषयी' असं लिहिलेलं असतं. तिथे बोट ठेवलं की फोनला तुम्ही कोण वाटता ते दिसतं.

पायरी: पहिली. ओळखीचे विषय: शिवण, भरतकाम, ससे, चंद्र, डायनासोर.

मी ते दोनदा वाचलं. ससे, चंद्र, डायनासोर. बॉबिन दुपारी आजीच्या फोनला विचारायची ते सगळं. ससा झोपतो कुठे, चंद्र पडत का नाही, डायनासोर आपल्या घरात मावेल का. आई मशीन चालवत असायची आणि फोन बॉबिनच्या ताब्यात. जिन्यातून वर येणाऱ्या माणसाकडे नुसतं बघून जी त्याची छाती आणि बाही अर्ध्या इंचापर्यंत सांगायची, ती माझी आई फोनच्या हिशेबानं पहिल्या पायरीवरची होती. कारण तिनं नातीला फोन दिला होता. नातीला तिच्याकडे ठेवलं होतं मी. दोन ते पाच, मला लोकांच्या पायऱ्या ठरवता याव्यात म्हणून.

"अय्या, माझी फडकंवाली!"

बॉबिन माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिच्या गालाला चिंधीचं सूत चिकटलेलं होतं.

"मी आजीला सांगितलं होतं ना," ती म्हणाली.

"काय सांगितलं होतंस?"

"हीच. आजीचा गाल दुखत होता ना, तर तिनं फोनला विचारलं. मग ही बाई आली. मी म्हटलं, आजी, ही माझ्या ओळखीची आहे, हिला आम्हीच वर ठेवलंय. मी बटण दाबलंय."

माझ्या हातातली सुरी मी खाली ठेवली. ती हातात आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं.

"मग? आजी काय म्हणाली?"

"आजी म्हणाली, तुझ्या आईला फोन करू का. मग म्हणाली, नको, कामात असेल. मग म्हणाली, तुझ्या आईनं ठेवलंय वर? मग बरोबरच असणार." बॉबिननं आजीचा आवाज काढला होता, थोडा दम लागलेला. तिला नक्कल छान येते. "मग आम्ही फडकं गरम केलं. घडी मी केली. चार पदरी. आजी म्हणाली, शाबास गं, घडी कशी मापात बसलीय. मग ती खुर्चीत झोपली आणि म्हणाली, बॉबिन, जरा गप बस हं."

ती गप बसली होती. अडीच तास. पाच वाजता मी दार वाजवलं तेव्हा तिनं पावलं न वाजवता येऊन दार उघडलं होतं आणि ओठांवर बोट ठेवून मला म्हणाली होती, "श्श्. आजी झोपलीय." जमिनीवर चिंध्यांचे इतके छोटे छोटे चौकोन कापून ठेवले होते तिनं, सगळे सारखे, की आत पाऊल टाकताना मला आधी त्यांचंच कौतुक वाटलं. मग मी खुर्चीकडे पाहिलं. फडकं गालावरून घसरून खांद्यावर आलं होतं. गार.

"मी बरोबर केली होती ना घडी?" बॉबिननं विचारलं.

"खूप छान केली होतीस," मी म्हटलं, आणि तिच्या गालावरचं सूत काढलं. काढायला वेळ लावला. तिच्याकडे बघायचं नव्हतं आणि तिला सोडायचंही नव्हतं.

*

बाबा चष्मा लावून आले. त्याची एक काडी आईनंच कधीतरी दोऱ्यानं गुंडाळून पक्की केली होती. मी माझा फोन पालथा करून मांडीखाली सरकवला. का, ते विचारू नका. हातानं आपणहून केलं.

"दे इकडे."

ते आईच्या फोनवरचं पान मोठ्यानं वाचायला लागले, एकेका शब्दावर टेकत. "जबडा दुखतोय? घाबरू नका. गरम फडक्यानं शेक घ्या. मऊ खा. थोडी विश्रांती घ्या. दोन दिवसांत उतार पडला नाही तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा." त्यांनी वर पाहिलं. "हे तिला सांगितलं?"

"हो."

"ह्यांच्याकडे मोठमोठी माणसं असतील ना गं? शिकलेली. डॉक्टर वगैरे?"

"असतील."

"त्यांनाही दाढच वाटली."

बाबांनी खुर्ची ओढली. ती खुर्ची नव्हे, दुसरी. त्या खुर्चीवर आता कुणी बसत नाही, तिला वळसा घालून जातो. ते बसले आणि फोन दोन्ही हातांत धरून त्या हसऱ्या बाईकडे बघत राहिले. कुलपात किल्ली घालून हळूच चाचपत असताना त्यांचं तोंड असं होतं. कुठे अडतंय ते शोधताना.

"मग मला एक सांग," ते म्हणाले. "तुझं कामच हे आहे, तुला कळतं यातलं. मला आपलं झेपेल असं सांग. मी त्या दिवशी थांबलो असतो, आणि मी विचारलं असतं, तरी हेच निघालं असतं?"

माझ्या मांडीखाली तो दुसरा फोन होता. मला तो टोचत होता. एवढंच करायचं होतं, तो काढून त्यांच्या हातात द्यायचा. बाबा, हे पान बघा. हेही होतं. ते खाली कुणी ढकललं ते सांगते. म्हणजे मी, आणि माझ्यासारख्या आणखी कितीजणी देव जाणे, पण मी नक्की. त्यांना सगळं सांगता आलं असतं. मग त्यांनी तिसरा परिच्छेद वाचला असता. मग पाचवा. क्षणभरही थांबू नये. मग त्यांच्या लक्षात आलं असतं की कळण्यासारखं होतं, वेळ होता, जेवणाच्या वेळेपासून पाच वाजेपर्यंत चार तास होते, आणि आपण बूट घातले. आणि मग त्यांनी विचारलं असतं की तिला कुणी सांगितलं हे पान बरोबर आहे म्हणून. आणि बॉबिननं आजीचा आवाज काढून सांगितलं असतं.

मी बाबांच्या कमरेकडे पाहिलं. पँटला त्यांनी सुतळी बांधली होती.

उगाच खचतील बिचारे, असं माझ्या मनात आलं. अगदी त्याच सुरात आलं. मला ते ओळखू आलं, आणि तरी मी थांबले नाही.

"हेच निघालं असतं," मी म्हटलं. "कुणालाच कळलं नसतं, बाबा."

"कुणालाच?"

"कुणालाच नाही. दाढच वाटली असती. तुमची काही चूक नाही."

त्यांनी फोन मांडीवर ठेवला. मग त्यांच्या छातीतून एक असा श्वास निघाला की बॉबिननं चिंध्यांवरून मान वर केली. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, सदऱ्याच्या टोकानं, लहान मुलासारखे. मग चष्मा परत लावला आणि माझ्यासमोरच्या पातेल्याकडे पाहिलं.

"बटाटे कशाला सोलतेयस?"

"काहीतरी करीन. खाल ना?"

"जरा जास्तच कर," ते म्हणाले. "भूक लागलीय."

एकवीस दिवसांत पहिल्यांदा. मी खाली मान घालून बटाटा उचलला. मला आनंद झाला, हे मी नाकारत नाही. खराखुरा आनंद झाला आणि त्याची मला भीती वाटली.

टुण्.

"परत?" बाबा म्हणाले आणि फोन माझ्यापुढे केला. "काय पाहिजे काय ह्यांना?"

तेच होतं. मिळालेलं उत्तर उपयोगी पडलं का? हो. थोडंफार. नाही.

"काहीतरी दाबून टाक बाई. नाहीतर बोंबलत राहील."

"काय दाबू?"

बाबांनी थोडा विचार केला. आता त्यांच्या आवाजात जुन्या आवाजाची एक झाक आली होती, आईला चिडवतानाची. "हो दाब. तिनं मला सोडून कुणाला नाही म्हटलंय कधी?"

माझं बोट 'नाही'वर होतं. बाबा बघत होते. 'नाही' दाबलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, का? आणि का, याला माझ्याकडे पुन्हा दोन पानं होती.

मी 'हो' दाबलं. पडद्यावर दोन टाळ्या वाजवणारे हात आले. 'धन्यवाद! तुमच्यासारख्या वाचकांना आम्ही आता आणखी चांगली उत्तरं देऊ शकू.' आईसारख्या. साठीच्या पुढच्या, शिवण जाणणाऱ्या, पहिल्या पायरीवरच्या. त्यांच्यातली कुणीतरी आज दुपारी विचारत असेल. फडकंवाली बाई तिच्यापुढे आता आणखी भरवशानं येणार होती.

बाबांनी फोन घेतला, अंगठ्यानं काच पुसली आणि खणात रिळांशेजारी ठेवला. मग कोपऱ्यातली कुलपांची पेटी उचलून खिडकीपाशी नेली आणि किल्ल्या निवडायला बसले. किल्ल्यांचा तो किणकिण आवाज घरात कितीतरी दिवसांनी होत होता.

बॉबिन चिंध्या सोडून माझ्याजवळ आली. मांडीखालून माझ्या फोनचा कोपरा बाहेर आला होता. तिनं तो ओढला, उलटा केला. पडदा उजळला. तेच पान होतं, बारीक अक्षरांचं, उजवीकडचं. तिला वाचता येत नाही अजून. पण पान तिनं ओळखलं. कुठल्याही पानाची नुसती ठेवण तिच्या लक्षात राहते, हे आजीचं घेतलंय तिनं.

तिनं एकदा पानाकडे पाहिलं. मग किल्ल्या निवडणाऱ्या आजोबांकडे. मग माझ्या कानाला ओठ लावले आणि आजोबांना ऐकू जाणार नाही असं, आमच्या खेळातल्या आवाजात तिनं विचारलं,

"आई, आजोबांना सोपं सांगितलंस की सगळं?"